पार्श्वभूमी : वेबपेजवर आवाज आणि व्हिडिओ आले कसे

कानबाईची अहिराणी गाणी, रावेर-यावलकडच्या केळीबागांतली प्रात्यक्षिकं, जात्यावरच्या ओव्या असं काही ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी वेबपेजवर चढवलं, त्यांच्या पानांवर आज अनेकदा नुसता रिकामा चौकोन दिसतो. फाइल सर्व्हरवर शाबूत असते, ती वाजवणारं मात्र ब्राउझरमध्ये काही उरलेलं नसतं. असं का झालं, ते पानात आवाज-व्हिडिओ बसवणाऱ्या टॅगांच्या, म्हणजे वेबपेजच्या कोडमधल्या खुणांच्या, इतिहासात आहे.

वेबपेज ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये सुरुवातीला चित्रालाही जागा नव्हती. इमेज टॅग मोझॅक ब्राउझरचे एक निर्माते मार्क अँड्रीसन यांनी १९९३ मध्ये सुचवला. आवाजाची फाइल तेव्हा लिंकवरून उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ऐकायची. पुढे नेटस्केप ब्राउझरने एम्बेड टॅग आणला, पण तो चालायचा प्लगइनच्या, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या वेगळ्या प्रोग्रॅमच्या, भरवशावर. रिअलप्लेअर, क्विकटाइम, विंडोज मीडिया अशी प्रत्येकाची फाइल वेगळी आणि प्लगइनही वेगळं. १९९७ च्या एचटीएमएल ४.० ने ऑब्जेक्ट टॅग अधिकृत केला, तरी ब्राउझरांचं एकमत होईना. म्हणून पानं करणारे ऑब्जेक्टच्या पोटात एम्बेड घालून दोन्हीकडची सोय लावायचे. तो दुहेरी कोड जुन्या पानांत आजही सापडतो.

२००२ मध्ये फ्लॅश प्लेअर ६ हे प्लगइन व्हिडिओ दाखवू लागलं आणि प्लगइनांची ही गर्दी ओसरली. २००५ मध्ये आलेलं यूट्यूब फ्लॅशवरच उभं राहिलं. पण सगळ्या जगाचा व्हिडिओ एकाच कंपनीच्या बंदिस्त प्लगइनमध्ये अडकला, हे फार महागात पडलं. २००७ च्या आयफोनवर फ्लॅश नव्हतं, नंतरही ते आलं नाही. त्याच वर्षी ऑपेरा ब्राउझरच्या कंपनीने प्लगइनशिवाय चालणारा व्हिडिओ टॅग सुचवला.

टॅगवर सहमती झाली, भांडण पेटलं ते कोडेकवरून, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या आणि उलगडायच्या पद्धतीवरून. एचटीएमएल ५ च्या मसुद्यात ऑग थिओरा या खुल्या कोडेकची शिफारस होती; ॲपल आणि नोकियाच्या विरोधानंतर २००७ च्या डिसेंबरात ती काढली गेली. ॲपलच्या सफारी ब्राउझरने एच.२६४ हा कोडेक धरला. त्यावर पेटंटचं शुल्क होतं, म्हणून २००९ च्या फायरफॉक्स ३.५ ने ऑग घेतलं. २०१० मध्ये गूगलने व्हीपी८ हा कोडेक खुला करून वेबएम हा फाइलप्रकार आणला. व्हिडिओ टॅगच्या आत दोन-तीन सोर्स टॅग (प्रत्येकात एका फाइलचा पत्ता) लिहायची पद्धत या भांडणातून रुजली. ब्राउझर वरून खाली वाचत जातो आणि जी फाइल आपल्याला चालेल असं त्याला वाटतं, ती उचलतो. सुरुवातीच्या आयपॅडला फक्त पहिलाच सोर्स दिसायचा, म्हणून एमपी४ सर्वांत वर ठेवायची सवय लागली. आता ती गरज नाही, एच.२६४ व्हिडिओ आणि एएसी आवाज असलेली एकच एमपी४ जवळपास सगळीकडे चालते.

एचटीएमएल ५ ऑक्टोबर २०१४ मध्ये अधिकृत झालं. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला आणि ते रिकामे चौकोन तेव्हा उरले.

त्यातल्या फायली बहुधा वाचवता येतात. फ्लॅशच्या एफएलव्ही फाइलच्या आत एच.२६४ आणि एएसी असेल तर एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅमने नुसतं वेष्टन बदलून एमपी४ होते, दर्जा जराही घटत नाही. सोरेन्सन किंवा व्हीपी६ हे जुने कोडेक असतील तर पुन्हा एन्कोड करावं, म्हणजे नव्या कोडेकमध्ये लिहावं लागतं. रिअलप्लेअरच्या फायलींचंही तेच. मूळ फाइल मात्र कधीही पुसू नये, कारण प्रत्येक एन्कोडमध्ये आवाजातलं थोडंफार जातंच.

एमपी४ मध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची सूची असते, तिला मूव्ह ॲटम म्हणतात. एन्कोडर ती बहुतेकदा फाइलच्या शेवटी लिहितो. सर्व्हर फाइलचा हवा तेवढाच तुकडा देत असेल तर ब्राउझर शेवटाकडून सूची आणून घेतो. तसं नसेल तर सगळी फाइल उतरेपर्यंत पडदा काळाच राहतो. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरपट्ट्यात, जिथे रेंजच जेमतेम, तिथला माणूस तोवर पान बंद करतो. एफएफएमपेगचा फास्टस्टार्ट पर्याय दिला की सूची पुढे येते. त्याच्या जोडीला व्हिडिओ टॅगमध्ये प्रीलोड या गुणधर्माची किंमत मेटाडेटा ठेवावी, म्हणजे बटण दाबायच्या आत कुणाचा डेटा विनाकारण फारसा जळत नाही.

आवाज येतो पण चित्र येत नाही, अशी तक्रार असेल तर फाइल बहुधा नव्या फोनने एचईव्हीसी या नव्या कोडेकमध्ये घेतलेली असते. तीही एमपी४ म्हणूनच दिसते, पण प्रत्येक ब्राउझर ती उलगडू शकत नाही. ती एच.२६४ मध्ये बदलून घ्यावी.

ऑटोप्ले, म्हणजे पान उघडताच आपोआप वाजणं, चालत नाही, त्यामागेही इतिहास आहे. इंटरनेट एक्स्प्लोररच्या बीजीसाउंड टॅगने पान उघडताच संगीत सुरू व्हायचं आणि ते थांबवायला पानावर बटणच नसायचं. पुढे जाहिराती तशाच बोलू लागल्या. शेवटी एप्रिल २०१८ च्या क्रोम ६६ ने, वापरणाऱ्याने आधी काही दाबल्याशिवाय आवाजासह आपोआप वाजणं सहसा बंदच केलं. आता ऑटोप्ले हवं असेल तर टॅगमध्ये म्यूटेड (आवाज बंद) लिहावं लागतं, आणि आयफोनवर व्हिडिओ पानातच राहावा म्हणून प्लेजइनलाइनही. गाण्यांच्या पानावर हा खटाटोप करूच नये. ऑडिओ टॅगला कंट्रोल्स (वाजवा-थांबवाची बटणं) द्यावं आणि ऐकणाऱ्याला स्वतः बटण दाबू द्यावं.