हास्यक्लब

सकाळी बागेत किंवा मैदानात जमून विनोदाविना, ठरवून हसण्याचा सामूहिक व्यायाम. ‘हास्ययोग’ हेही नाव रूढ. मुंबईत सभासद बहुतेक साठीपुढचे, स्वतःच्या घरी राहणारे.

याचा आरंभ १३ मार्च १९९५ रोजी अंधेरी पश्चिमेच्या लोखंडवाला संकुलातील बागेत झाला. ही कल्पना मांडणारे डॉ. मदन कटारिया यांच्यासह पाचजण जमले होते. प्रथम विनोद सांगून हसत. थोड्याच दिवसांत विनोद संपले, उरलेले चावट निघू लागले आणि तक्रारी आल्या. तेव्हा विनोद वगळले. प्राणायामाची जोड मिळाली ती योगशिक्षिका माधुरी कटारिया यांच्यामुळे.

पहिला जागतिक हास्यदिन मुंबईत १९९८ साली झाला, याबाबत एकमत आहे, तारखेबाबत नाही. काही ठिकाणी ११ जानेवारी, तर काही ठिकाणी १० मे अशी नोंद आढळते. हा दिवस आज मेच्या पहिल्या रविवारी पाळतात, पण १० मे १९९८ हा महिन्यातला दुसरा रविवार होता. मेची तारीख पुढच्या प्रथेवरून मागे नेली गेली असावी. जानेवारी अधिक ग्राह्य वाटते.

‘हो हो, हा हा हा’ म्हणत टाळ्या, मग नमस्ते हास्य, जीभ बाहेर काढून सिंहहास्य असा क्रम असतो. कवळी लावणारे सिंहहास्याला तोंडावर हात धरतात. हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा हसताना लघवी सुटण्याचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारावे.

तेहरानमधील नैराश्यग्रस्त वृद्ध स्त्रियांच्या पाहणीत (प्रसिद्धी २०११) हास्ययोग आणि हसण्याविना केलेला सामूहिक व्यायाम या दोहोंनी नैराश्य कमी झाले. त्या बाबतीत दोहोंत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे गुण हसण्याचा की सोबतीचा, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत लेखकाचा कल सोबतीकडे आहे: सलग दोन दिवस गैरहजर राहिलेल्याच्या घरी फोन जातो, आणि एकट्या राहणाऱ्याला कधीकधी दिवसातला तेवढाच फोन येतो.

शेजाऱ्यांना मात्र हा गलका सोसतोच असे नाही. २०१२ च्या सुमारास कुर्ल्यातील एका रहिवाशाची तक्रार मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली होती. २०२० च्या टाळेबंदीत बागा बंद झाल्या, तेव्हा काही गट व्हिडिओ कॉलवर जमू लागले. लिफ्ट नसलेल्या इमारतीतून गुडघ्यांमुळे खाली उतरू न शकणाऱ्यांना त्यामुळे प्रथमच हजेरी लावता आली.