फेलिक्स कुल्पा अर्थात धन्य अपराध

आदाम-हव्वेने देवाची आज्ञा मोडली, एदेन बागेतून हाकलले गेले, आणि तरी तोच अपराध 'धन्य' म्हणायचा कारण त्याच्यामुळेच तारणारा आला, अशी ही ख्रिस्ती कल्पना. फेलिक्स कुल्पा हे लॅटिन शब्द. उत्पत्तीच्या पुस्तकातली गोष्ट सगळ्यांना माहीत असते म्हणून इथे परत सांगत नाही, एवढंच लक्षात ठेवा की त्या तिसऱ्या अध्यायात 'पाप' हा शब्दच येत नाही (तो पहिल्यांदा येतो चौथ्यात, काइनच्या वेळी), 'पतन' पण नाही आणि सफरचंद तर नाहीच, नुसतं 'फळ' आहे. पतनाचा, म्हणजे आदामाच्या पापाचा डाग सगळ्या माणसांना लागला हा, सिद्धांत मुख्यतः प्रेषित पौलाच्या, बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरून, पाचव्या अध्यायावरून उभा राहिला. ज्यू परंपरा हीच गोष्ट वाचते पण जन्मजात पापाची कल्पना तिथे नाही.

'फेलिक्स'चं भाषांतर जरा कटकटीचं आहे. सुखी, नशीबवान, शुभ आणि फळ देणारा, हे सगळे अर्थ त्यात येतात. 'सुखी अपराध' म्हटलं तर अपराध करून मजेत बसल्यासारखं वाटतं, 'फलदायी' बरोबर आहे पण कोरडं. या नोंदीत 'धन्य' घेतलंय, कारण मराठीत धन्य होणाऱ्याची स्वतःची कमाई असावीच लागते असं नाही, आणि इथे मुद्दा तोच आहे.

हे शब्द येतात 'एक्सुल्तेत' नावाच्या गाण्यात. ईस्टरच्या आदल्या रात्री देवळाबाहेर नवा विस्तव पेटवतात, त्यावर मोठी पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती लावतात, ती घेऊन डीकन (धर्मगुरूच्या खालचा सेवक) अंधाऱ्या देवळात शिरतो, तिच्यावरून लोक आपापल्या मेणबत्त्या पेटवतात आणि मग तो हे लांबलचक स्तोत्र गातो. पहिलाच शब्द म्हणजे 'आनंद करो'. मध्यावर येतं: खरंच, आदामाचं पाप गरजेचं होतं, ख्रिस्ताच्या मरणाने ते पुसलं गेलं, अहा धन्य तो अपराध, ज्याला एवढा थोर तारणारा लाभला! गंमत म्हणजे 'हीच ती रात्र' असं त्यात पुन्हा पुन्हा म्हटलंय, पण कित्येक शतकं हा विधी शनिवारी सकाळी उन्हात उरकला जायचा. 1951 साली पोप बाराव्या पायसने प्रयोग म्हणून तो परत रात्री नेला आणि 1955 च्या आदेशाने ते पक्कं झालं.

हे लिहिलं कोणी, यावर भांडण जुनं आहे. सर्वात जुना मजकूर गॉलमधल्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या बाजूच्या, प्रार्थनापुस्तकांत मिळतो, ती हस्तलिखितं अंदाजे सातव्या-आठव्या शतकातली. रचना त्याच्या बरीच आधीची असणार, पाचव्या शतकाच्या आसपासची म्हणतात, पण नक्की वर्ष कोणी छातीठोक सांगू नये. हस्तलिखितांत एके ठिकाणी हे संत ऑगस्टिनने, जो पुढे बिशप झाला, डीकन असताना गायलं असं लिहिलंय. ऑगस्टिनने मेणबत्तीची स्तुती लिहिली होती हे खरं, 'देवाचं नगर' या ग्रंथाच्या पंधराव्या भागात तो स्वतःच्या त्या रचनेतल्या ओळी देतो, पण त्या ओळी एक्सुल्तेतमध्ये नाहीतच, त्यामुळे तो दावा तिथेच लंगडा पडतो. अशी स्तुती करायची पद्धत मात्र चौथ्या शतकात नक्की होती. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याच्या नावावर 384 सालचं एक पत्र आहे, इटलीतल्या पिआचेन्झाच्या डीकनने त्याच्याकडे असं गाणं मागितलं होतं, तर यात मधमाश्यांचं कौतुक नि रोमन कवी व्हर्जिलची उसनवारी कशाला म्हणून तो वैतागलाय (पत्र जेरोमचंच का यावरही वाद आहेच). मधमाश्या एक्सुल्तेतमध्ये अजून आहेत, मेण त्यांचंच ना. इंग्रजी भाषांतरातून त्या 1973 ला गायब झाल्या होत्या, 2011 ला परत आल्या.

रचनाकार म्हणून घेतलं जाणारं दुसरं नाव मिलानचा बिशप अँब्रोज याचं. 1946 साली बर्नार कापेल यांनी त्याची बाजू जोरात मांडली, पुढच्या काही वर्षांतच बोनिफात्सिउस फिशर आणि मिशेल युग्लो यांनी ती खोडून काढली. बहुतेक अभ्यासक आता रचनाकार अज्ञात धरतात आणि तेच जास्त पटतं. पण विचार अँब्रोजच्या घराण्यातला आहे हे कोणी नाकारत नाही. बायबलमधल्या याकोबावरच्या पुस्तकात तो म्हणतो की मी नीतिमान आहे याचा अभिमान धरणार नाही, माझी सुटका झाली याचा धरीन, माझा अपराध निर्दोषपणापेक्षा फलदायी ठरला, निर्दोषपणाने मी उद्धट झालो होतो, अपराधाने नमलो. इथे 'माझा' हा शब्द महत्त्वाचा. आदाम बाजूला राहिला, माणूस स्वतःचं बोलायला लागला. आणि मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, सुरुवातीला छातीवर मूठ मारत 'मेआ कुल्पा' (माझा अपराध) म्हणतात त्यातला कुल्पा हाच, वर्षभर जो शब्द माझा म्हणून खाली मान घालून म्हटला तोच त्या एका रात्री धन्य म्हणून ऐकायचा.

सगळ्यांना हे पचलं नाही. फ्रान्समधल्या क्लूनीचा मठाधिपती ह्यू (1049 ते 1109) याने आपल्या मठात ही ओळ वगळायला लावली, आणखीही काही प्रार्थनापुस्तकांतून ती गाळलेली दिसते. भीती उघड आहे, पाप एवढं लाभाचं असेल तर करतच राहू की! पण ही शंका पौलालाही आली होती, रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तो ती उडवून लावतो. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अॅक्वायनसने ओळ जशीच्या तशी उद्धृत केली आणि अर्थ बसवला की देव वाईट घडू देतो ते त्यातून जास्त चांगलं काढायला, म्हणजे चांगलं काढणारा देव, पापाच्या अंगात ते सामर्थ्य नाही. तारणारा पतन झालं नसतं तरी आला असता का, यावर मात्र मध्ययुगीन धर्मपंडित स्कोटस याच्या पंथाचे लोक वेगळं बोलतात, आलाच असता म्हणतात, आणि त्यांचं खरं मानलं तर या ओळीतला 'गरजेचं' शब्द बराच सैल पडतो. इंग्रज कवी मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्यात (1667) शेवटाकडे आदाम गोंधळून विचारतो की मी केलेल्याचा पश्चात्ताप करू की आनंद करू. त्यावर आर्थर लव्हजॉय यांचा 1937 चा निबंध आहे, हा विषय इंग्रजी साहित्याच्या अभ्यासात त्याने आणला, पण मिल्टनला खरंच तेच म्हणायचं होतं का यावर नंतरच्या टीकाकारांनी शंका घेतलीय.

स्वतःला लावून वाचायची शिस्त सगळ्यात स्पष्ट दिसते ती जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या आध्यात्मिक साधनेत, मूळची साधारण तीस दिवसांची. पहिल्या आठवड्याच्या पहिल्याच ध्यानात देवदूतांचं पाप, मग आदाम-हव्वेचं, मग कुणा एकाचं, आणि त्यांच्या शेजारी आपली पापं ठेवायची. तिथे मागणं आनंदाचं नसतंच, लाज वाटावी हे मागायचं. आनंद मागायचा चौथ्या आठवड्यात, पुनरुत्थानाच्या ध्यानात. मधले दिवस गाळून डायरेक्ट 'जे झालं ते बऱ्यासाठी' वर उडी मारणारं प्रवचन म्हणून पोकळ वाटतं, आणि दुसऱ्याच्या जखमेकडे बोट दाखवून ते म्हणणं तर अगदीच वाईट. अँब्रोज स्वतःच्याच अपराधाबद्दल बोलत होता.

मॉर्मन या अमेरिकेत निघालेल्या पंथाचं वाचन याहून वेगळं. 1830 साली न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा इथे छापलेल्या मॉर्मनच्या पुस्तकात, नेफीच्या दुसऱ्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात, म्हातारा लीही मुलाला, याकोबाला, सांगतो की आदाम पडला म्हणून माणसं झाली आणि माणसं आहेत ती आनंदासाठी. इथे बागेतल्या जोडप्याला लेकरंच झाली नसती, दुःख माहीत नसल्याने आनंदही कळला नसता. म्हणजे पतन ही पुढे जायची पायरी, आणि आदामाच्या चुकीची शिक्षा इतरांना नाही असं त्यांच्या श्रद्धेच्या कलमांत वेगळं लिहिलंय. मोशेच्या नावाच्या त्यांच्या ग्रंथात हव्वा स्वतः आनंदाने बोलते, हे बाकी कुठल्या पंथात सहसा सापडत नाही. शास्त्र स्वतःला लावून बघा असं तर नेफी, लीहीचाच मुलगा, थेट सांगतोच, त्यामुळे त्यांच्याकडे हे वचन लग्न, मूलबाळ, घरातलं मरण अशा प्रसंगी बोललं जातं.

मराठीत पतनाची गोष्ट सविस्तर आली ती ओवीत. 1579 ला गोव्यात उतरलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण रचलं, पहिल्या भागात सृष्टी, आदाम आणि जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्त. स्टीफन्स जेझुइट, म्हणजे वरचं पहिल्या आठवड्याचं ध्यान त्यांनी केलेलंच असणार. गोव्यातल्या साष्टीच्या नव्या ख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांच्या जागी वाचायला काही हवं होतं म्हणून हे लिहिलं असं सांगितलं जातं. 1616, 1649 आणि 1654 अशा तीन आवृत्त्या रोमन लिपीत निघाल्या, त्यांची एकही छापील प्रत उरली नाही. 1907 ला मंगळूरला सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून काढलेली आवृत्तीही रोमन लिपीतच होती, देवनागरीतली जुनी प्रत आहे ती लंडनला, इंग्रज अभ्यासक मार्सडेन याच्या संग्रहात.