जादा शब्द की अवतरणचिन्हे?

गूगलवर ढीगभर निकाल आले की कोणीतरी सांगतेच, ‘शब्द वाढव, नाहीतर अवतरणचिन्हांत टाक.’ जणू दोन्हींचा परिणाम एकच!

शब्द वाढवणे बहुतेकांना येते. नुसत्या ‘वारस नोंद’ऐवजी ‘वारस नोंद शेतजमीन तलाठी कागदपत्रे’ लिहिले की पसारा कमी होतो. क्रम मोकळा राहतो, जवळची रूपे आणि समानार्थी शब्दही गूगल धरते. ‘कृपया माहिती द्यावी’ हे भरताड मात्र नको. शोधपेटी म्हणजे अर्ज नव्हे.

अवतरणचिन्हे शब्दांना त्याच क्रमाने, लागोपाठ बांधतात, एवढे ठाऊक असते. ती शब्दाचे रूपही गोठवतात, हे कोणी सांगत नाही. मराठीत त्याची किंमत मोठी आहे, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि चिकटण्याआधी शब्द बदलतोही. "वारस नोंद" शोधले की ‘वारसाची नोंद’, ‘वारसनोंद’, ‘वारस नोंदीसाठी’ एवढीच रूपे असलेली पाने गळतात. मराठी वाक्यात शब्द याच रूपांत येतात. मूळ रूपातली जोडी बहुधा मथळ्यात सापडते. म्हणजे नीट समजावून सांगणारे पान जाते आणि मथळेबाज पान उरते.

बांधायचेच असेल तर रूपे उभ्या रेघेने जोडावीत. ही रेघ ‘किंवा’चे काम करते:

तलाठी "वारस नोंद" | "वारसनोंद" | "वारसाची नोंद"

बरेचदा एवढेही लागत नाही. गूगल एखादा शब्द सोडून देत असेल तर तेवढाच अवतरणात घालावा: वारस नोंद "फेरफार". बाकीचे मोकळे ठेवावेत. अख्खा प्रश्न अवतरणात कोंबण्याची सवय सर्वांत वाईट.

शासन निर्णयाचा क्रमांक किंवा संगणकाने दाखवलेला त्रुटीसंदेश मात्र जसाच्या तसा अवतरणातच हवा. अभंगाचे सलग तीन-चार शब्द पुरेत. गाथेच्या प्रतींत पाठभेद असतात, अख्खी ओळ जुळेलच असे नाही.

नको असलेला शब्द गाळायला त्याच्याआधी वजाचे चिन्ह (-) लावतात. ते शब्दाला चिकटवावे, मध्ये जागा नको. विषयात सगळीकडे येणारा शब्द वजा केला तर कामाची पानेही जातात.

अवतरणातले काहीच सापडले नाही तर गूगल अवतरणांशिवायचे निकाल दाखवते. तशी सूचना निकालांच्या वरच असते. ती न वाचता ‘अचूक शोधले, तरी भलतेच आले’ म्हणणाऱ्यांनी आधी ती ओळ वाचावी.