काटकसर (मराठी घरातील)

काटकसर ही पैसा, अन्न, कापड, इंधन आणि पाणी जपून वापरण्याची घरगुती रीत आहे. हाती आलेल्या वस्तूचा शेवटचा उपयोग होईपर्यंत ती टाकायची नाही आणि मिळकतीतला काही भाग खर्चाला हात घालण्याआधीच बाजूला काढायचा, या दोन सवयींवर ती उभी आहे. काटकसरीचे मोजमाप नेहमी रुपयांत होते, पण तिच्यात खरे खर्ची पडतात ते श्रम, आणि हे श्रम बहुतेक वेळा घरातल्या बायकांचे असतात. दोडक्याच्या शिरा केराच्या डब्यात टाकणे क्षणाचे काम आहे. त्यांची चटणी करायची तर शिरा बारीक चिरायच्या, मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, तीळ आणि सुके खोबरे वेगळे भाजायचे आणि मग सगळे एकत्र कुटायचे. एका वेळचे तोंडीलावणे फुकटात झाले असे म्हणताना हा अर्धा तास कोणी धरत नाही.

कंजूषपणाशी काटकसरीची गल्लत केली जाते, ती बरोबर नाही. पाहुण्याला वाढताना हात आखडायचा नाही, हा अत्यंत जपून चालणाऱ्या घरातही दंडक असतो. होळीला पुरण घालायचेच असते, फक्त त्या पुरणाचा कट वाया जाऊ द्यायचा नाही.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातली बहुतेक शेती कोरडवाहू आहे. एका पावसावर वर्ष काढायचे, तेही पाऊस पडला तर, अशा प्रदेशात साठवण हा स्वभावाचा भाग होतो. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांची ओढ वेगळी होती. पगारातून खाणावळीचे पैसे आणि गाळ्यातल्या जागेचे भाडे गेले की उरलेल्यातून गावी मनीऑर्डर जायची, आणि गावातले घर त्या मनीऑर्डरीवर चालायचे.

टंचाईच्या काळाने या सवयी पक्क्या केल्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळ, सोमवारी संध्याकाळी, जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि कितीतरी घरांनी ते मनापासून पाळले. १९७२ चा दुष्काळ मात्र अजूनही नाव घेताच आठवतो. परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी रेशनवर मिळे. तिची भाकरी नीट थापली जात नसे. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांना सुकडी नावाचे कोरडे पौष्टिक खाणे वाटले जाई. त्या दिवसांतून गेलेली माणसे ताटात शीत ठेवत नाहीत, आणि त्यांच्या पुढच्या पिढीलाही अन्न टाकताना मनाला लागते.

स्वयंपाकघर

मराठी काटकसरीचे सगळ्यांत समृद्ध दालन म्हणजे स्वयंपाकघर. इथे उरलेल्या वस्तूपासून केलेला पदार्थ पुष्कळदा मूळ पदार्थाइतकाच आवडीचा झालेला आहे. कटाची आमटी हे त्याचे उत्तम उदाहरण. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ मुद्दाम जास्त पाण्यात शिजवतात. डाळ मऊ झाली की पाणी गाळून घेतात, तोच कट. त्यात चमचाभर डाळ किंवा पुरण कालवून, भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचे वाटण किंवा नुसता गोडा मसाला, चिंच आणि गूळ घालून उकळी आणली की पातळ, झणझणीत आमटी होते. डाळीतला जो अंश पाण्यात उतरतो तो वाया जात नाही. पुरणपोळीच्या गोडाला उतारा म्हणून ही आमटी आता इतकी हवीशी झाली आहे, की ती मुळात जपणुकीतून आली हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

शिळ्या पोळीचा कुस्करा कांदा-मोहरीच्या फोडणीत परततात, किंवा गूळ-तूप घालून त्याचा लाडू वळतात. आदल्या रात्रीचा भात फोडणीला पडतो. शिळी भाकरी ताकात कुस्करून खातात. लोणी कढवून तूप गाळले की तळाशी बेरी उरते. ती साखर घालून मुलांच्या हातावर ठेवतात किंवा कणकेत मळतात, आणि बाजूंना तुपाचा हात राहिलेल्या त्याच पातेल्यात गरम भात कालवला जातो. दुधी भोपळ्याच्या सालीची चटणी होते, कोथिंबिरीचे देठ वाटणात जातात, कलिंगडाचा पांढरा गर किसून थालीपिठात घालतात. वरणाचे पातेले विसळलेले पाणी आमटीत घालणे हे तर घरोघरी चालते.

कोकणात एकेका फळाचा शेवटपर्यंत उपयोग होतो. रातांब्याची साल उन्हात वाळवली की आमसुले होतात, रसात मीठ घालून आगळ करतात आणि बियांपासून कोकमतेल काढतात. ते थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावतात. फणसाचे गरे खाऊन झाले की आठळ्या धुऊन, वाळवून, माती लावून ठेवतात आणि पावसाळ्यात ताजी भाजी मिळेनाशी झाली की भाजीत किंवा उकडून त्या ताटात येतात.

खरेदीचीही रीत ठरलेली असते. आठवडी बाजार उठायच्या वेळी भाजीवाल्याला उरलेला माल परत न्यायचा नसतो, तेव्हा वाटे मोठे होतात आणि भाव उतरतो. संध्याकाळी उशिरा बाजाराला जाणे त्यासाठीच. गाजरे, मटार, कैऱ्या, लिंबे यांची खरेदी ऐन हंगामात होते आणि पुढच्या दिवसांची सोय लोणच्यांत आणि मुरंब्यांत केली जाते.

वर्षाची बेगमी

माघ-फाल्गुनापासून ज्वारी आणि गहू बाजारात येतात, त्या सुमारास वर्षाचे धान्य भरण्याची पद्धत शहरांतही बरीच टिकून आहे. धान्याला खडखडीत ऊन द्यायचे, चाळायचे, निवडायचे आणि मग कोठीत भरायचे. थरांमध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा बिब्बे ठेवतात, गव्हाला आणि तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावतात, म्हणजे कीड धरत नाही. पूर्वी खेड्यांत ज्वारी कणगीत किंवा जमिनीतल्या पेवात राही.

उन्हाळ्यातले वाळवण हा याच बेगमीचा भाग. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून त्याचा चीक काढतात. चीक शिजवून सोऱ्याने कुरडया पाडल्या की मागे गव्हाचा चोथा उरतो. त्यात तिखट, मीठ, तीळ आणि लसूण मिसळून वड्या थापतात आणि त्याही त्याच उन्हात घालतात. काही भागांत त्यांना भुसवड्या म्हणतात. कोंड्याचा मांडा करणे म्हणतात ते इथे अक्षरशः घडते. भुसवडी तळून भाकरीशी खाल्ली तर कुरडईपेक्षा खमंग लागते, हे ज्यांनी खाल्ली त्यांना वेगळे सांगायला नको.

कोकणपट्टीत पावसाळ्यापूर्वी आगोटीची खरेदी होते. त्यात सुके बोंबील, सुकट, जवळा, मीठ, कांदे, मसाला असे सगळे येते. गोव्यात याच साठवणीला पुरुमेत म्हणतात आणि मे महिन्यात मडगाव-म्हापशाकडे पुरुमेताचा बाजार भरतो. समुद्र खवळलेला असताना मासळीचे भाव कुठे जातात हे किनाऱ्यावरच्या माणसाला चांगले ठाऊक असते.

कापड आणि भांडी

सुती साडीचा प्रवास मोठा असे. आधी ती सणासमारंभाला, मग घरात, विरली की तिची दुपटी आणि लंगोट, आणि एकावर एक थर घालून गोधडी. नऊवारी मऊ झाली की गोधडीला तिच्यासारखे कापड नाही. चार-पाच थर अंथरायचे, कडा दुमडायच्या आणि बाहेरून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत मध्यावर यायचे. मधल्या थरांत अगदीच झिजलेली धोतरे आणि पंचे जातात. गोधडीही फाटली की तिचे पायपुसणे होते, आणि शेवटी चुलीजवळचे फडके.

जे कापड घरात उपयोगी पडत नाही ते बोहारणीला द्यायचे. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन ती दारात येते, कपड्यांची घडी न घडी उलगडून पाहते आणि घासाघीस सुरू होते. एका डब्यासाठी तिला आणखी एक जरीची साडी हवी असते. इकडे घरची बाई डब्याबरोबर झाकण मागत असते. या व्यवहारात पैसा लागत नाही, म्हणूनच नवऱ्याला न विचारता स्वयंपाकघरात नवे भांडे आणण्याचा हा मार्ग अनेक घरांत बायकांच्या हक्काचा होता. बोहारीण ते कपडे दुरुस्त करून जुन्या बाजारात विकते आणि तिथून ते अधिक गरीब घरांत वापरले जातात. फिरून कपडे गोळा करणे, धुणे, शिवणे या तिच्या कष्टांची दखल फार थोड्यांनी घेतली आहे.

आता साड्या सुती उरल्या नाहीत. सिंथेटिक कापडाची गोधडी अंगाला चिकटते. तांब्या-पितळेची भांडी गेली तसा नवसागर आणि कथील घेऊन दारोदार फिरणारा कल्हईवालाही दिसेनासा झाला.

इंधन आणि वीज

गॅस घरोघरी येण्यापूर्वी भुशाची शेगडी हे स्वस्त साधन होते. खाली भोक असलेल्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, तिच्याभोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा आणि बाटली अलगद वर काढायची. खालून पेटवले की मधल्या पोकळीतून आच येते आणि कित्येक तास टिकते. बंबात करवंट्या आणि ढलप्या जळत. पुढे कुकर आला आणि एकाच शिटीत खाली डाळ, मधे भात, वर बटाटे होऊ लागले. या एका भांड्याने इंधन वाचवलेच, पण बाईचा वेळही वाचवला. काटकसरीच्या साधनांत असे क्वचित घडते. विजेचा हिशेब सरळ आहे. ६० वॅटचा जुना दिवा काढून ९ वॅटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर महिन्याला साडेसात युनिटहून थोडी जास्त वीज वाचते.

चुकीची काटकसर

तळणीचे तेल पुन्हापुन्हा वापरणे ही बचत नव्हे. वारंवार तापवलेल्या तेलात घातक घटक साठतात, आणि २०१८ पासून अशा तेलावर सरकारी मर्यादाही आहे. बुरशी आलेला भाग काढून उरलेला पाव खाणे, किंवा बरे वाटू लागताच डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या मधेच थांबवून पुढच्या आजारासाठी ठेवणे, हेही त्यातलेच.

यापेक्षा गंभीर गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडते. शिळे कोणी खायचे, दूध कमी पडले तर कोणाच्या वाटचे कापायचे, याचे उत्तर बहुतेक घरांत न बोलता ठरलेले असते. आई सर्वांत शेवटी जेवते आणि उरलेले संपवते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, पण ताटातला हा क्रम त्यांतून वगळता येत नाही. एकाच माणसाच्या पोटातून होणाऱ्या बचतीला काटकसर म्हणू नये.

पैशांची बचत

पगार झाला की वाणी, दूध, फी, भाडे अशी पाकिटे वेगळी करण्याची पद्धत मध्यमवर्गीय घरांत रुळलेली होती. दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयात असे. १९७३ पासून निघणाऱ्या या दिनदर्शिकेतल्या तारखेच्या चौकोनात ‘१’, ‘दीड’, ‘नाही’ असे पेन्सिलीने लिहायचे आणि महिनाअखेरीला बेरीज करायची. धोब्याचे कपडे, गॅसची टाकी लावल्याची तारीख, पेपर न आलेले दिवस हेही तिथेच. टाकी किती दिवस चालली हे त्यावरून कळे, आणि ती चार दिवस आधी संपली तर घरात विचारणा होई.

घरखर्चातून वाचवलेले बायकांचे पैसे डाळीच्या डब्यात, साडीच्या घडीत, देवघरातल्या फोटोमागे असत. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा ही गाठ घरोघरी उघड करावी लागली. ज्यांनी वर्षानुवर्षे अडीअडचणीसाठी म्हणून जपले होते, त्यांना स्वतःचेच पैसे कुठून आले हे घरात सांगावे लागले.

भिशीत हीच बचत ओळखीच्या बायका मिळून करतात. बारा जणींनी दरमहा हजार रुपये काढले तर बारा हजार जमतात आणि चिठ्ठी निघेल तिला मिळतात. जिची चिठ्ठी पहिल्या महिन्यात निघते तिला बिनव्याजी कर्ज मिळाल्यासारखे होते आणि शेवटचीची सक्तीने बचत होते. लिलाव भिशीत गरजू सभासद कमी रकमेवर भिशी उचलते आणि सोडलेली रक्कम इतरांत वाटली जाते. अशा भिशीची नोंदणी नसते. चालवणारी व्यक्ती पैसे घेऊन गेली तर दाद मागणे अवघड होते, म्हणून ती माहितीतल्या माणसांपुरती ठेवणेच शहाणपणाचे.

पोस्टातली बचत बँक १८८२ पासून आहे. १९७२ मध्ये सुरू झालेल्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेने तिला दारापर्यंत आणले. या योजनेतल्या एजंट बायका घरी येऊन पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचा हप्ता नेतात, पुस्तकात नोंद करतात, आणि त्यातून त्यांनाही कमिशन मिळते. साठ हप्ते पुरे झाले की मुलीच्या कॉलेजची फी किंवा फ्रिज असा मोठा खर्च कर्जावाचून निघतो.

एकेका घराने वणवण करून स्वस्त माल शोधण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून घ्यावा, हा मार्ग मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून चालवला आहे. शेजारच्या काही कुटुंबांचा एक संघ होतो, महिन्याची मागणी एकत्र नोंदवली जाते, घाऊक भावाने घेतलेला माल संघापर्यंत येतो आणि सभासद तो वाटून घेतात. भाव पाहणे, माल पारखणे आणि आणणे हे काम इथे एका बाईवर पडत नाही.