अजिंठ्याच्या हवेत पाण्याला जागा किती?

जुलै महिन्यातल्या एका रविवारी अजिंठ्याला जाण्याचा योग आला. फर्दापूरच्या टी पॉइंटवर स्वतःची गाडी उभी करून पुढचे चार किलोमीटर बसने जावे लागते. आम्हाला वातानुकूलित बस मिळाली आणि लेण्यांच्या पायथ्याशी उतरताक्षणी माझ्या चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या. माझ्यापुढे उतरलेले तिघे-चौघेही चष्मे काढून शर्टाच्या टोकाने पुसू लागले होते. अर्ध्या तासाने पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभे असताना पहारेकरी दर मिनिटाला ओरडत होता, "फ्लॅश मारू नका, फ्लॅशने रंग उडतात!" रांगेतल्या एका आजोबांनी नातवालाही तेच समजावले. पहारेकऱ्याची सूचना आणि माझ्या चष्म्याची काच या दोघांपैकी चित्रांच्या प्रकृतीबद्दल काच अधिक खरे सांगत होती, असे माझे मत आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी फ्लॅशचे बघू. अजिंठ्याचे बहुतेक रंग खनिज आहेत. तांबडा हा गेरूचा, पिवळा पिवळ्या मातीचा, हिरवा बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या मातीचा, काळा काजळीचा आणि पाचव्या शतकातल्या चित्रांतला निळा लाजवर्दाचा, जो आजच्या अफगाणिस्तानातल्या खाणींतून येत असे. गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड, म्हणजे एका अर्थी गंजच. जो पदार्थ डोंगरउतारावर ऊन खात युगानुयुगे तांबडाच राहिला, तो सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या लखलखाटाने फिका पडेल, हे पटण्यासारखे नाही. रंग धरून ठेवणारा सरस आणि चित्रांवर नंतरच्या काळात चढवलेली लाख हे सेंद्रिय पदार्थ मात्र प्रकाशाने हळूहळू बिघडतात, त्यामुळे फ्लॅशवरची बंदी योग्यच आहे. शिवाय ती उठवली, तर प्रत्येक जण मनासारखा फोटो मिळेपर्यंत तिथून हलणार नाही आणि खरी हानी या न हलण्यातच आहे.

स्वस्थ उभा असलेला माणूस जुन्या काळच्या १०० वॅटच्या बल्बएवढी उष्णता सतत बाहेर टाकत असतो. त्याच्या उच्छ्वासात सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की श्वास आणि त्वचा मिळून तो तासाला साधारण ६० ग्रॅम पाण्याची वाफ हवेत सोडतो, आणि पायऱ्या चढून घाम आलेला असेल तर त्याहून कितीतरी जास्त. चित्रे असलेल्या मुख्य लेण्यांत एका वेळी ४० जणांनाच सोडायचे, असा नियम आहे. एक तुकडी बाहेर पडताच दुसरी आत येते, असे धरले तर तासाभरात ४० गुणिले ६०, म्हणजे २,४०० ग्रॅम, जवळजवळ अडीच लिटर पाणी वाफेच्या रूपाने लेण्यात येते. जोडीला चार किलोवॅट उष्णता, म्हणजे खोली गरम करायच्या दोन मोठ्या हीटरांची, आहेच. पहिल्या लेण्याचा सभामंडप सुमारे २० मीटर लांब आणि तेवढाच रुंद आहे. हिशेबापुरती उंची साडेचार मीटर धरली, तर आत १,८०० घनमीटर हवा मावते आणि दारा-खिडक्यांतून काहीच वारा खेळत नसेल, तर दर घनमीटर हवेत तासाला सव्वा ते दीड ग्रॅम वाफेची भर पडते.

दीड ग्रॅम हा आकडा ऐकून वाचकाला हसू येईल आणि जानेवारीच्या दुपारी ते हसणे रास्तही असते. हवेत किती वाफ मावते हे तिच्या तापमानावर ठरते. २८ अंश सेल्सियसला एका घनमीटरात सुमारे २७ ग्रॅम वाफ मावते आणि सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्षात असलेला हिस्सा, ३० टक्के असेल, तर प्रत्यक्षात तिथे आठच ग्रॅम असते. म्हणजे अजून १९ ग्रॅमांना जागा आहे आणि चाळीस पर्यटकांची तासाभराची वाफ त्यात कुठल्या कुठे हरवून जाईल. आता जुलैतला पावसाळी दिवस घेऊ. तापमान २४ अंश, आर्द्रता ९० टक्के. २४ अंशांना जवळजवळ २२ ग्रॅम मावतात आणि त्यांपैकी साडेएकोणीस आधीच भरलेले आहेत. शिल्लक जागा सव्वादोन ग्रॅमांची. तेच चाळीस पर्यटक, तोच तास, पण या वेळी निम्म्याहून अधिक जागा संपली. एखाद्या कोपऱ्यातली भिंत हवेपेक्षा दोनच अंशांनी गार असेल, तर तिला लागून असलेल्या हवेत फक्त १९.४ ग्रॅम मावतात, म्हणजे त्या कोपऱ्यात पर्यटक पोचण्यापूर्वीच हवा तुडुंब भरलेली आहे. बसमध्ये गार झालेल्या माझ्या चष्म्याच्या काचेवर हेच घडले होते. काचेचे तापमान बाहेरच्या हवेच्या दवबिंदूखाली, म्हणजे ज्या तापमानाला हवा वाफेने पूर्ण भरते आणि पाणी जमू लागते त्याखाली, होते, एवढाच त्याचा अर्थ.

इथे एक फसवी गोष्ट आहे. पर्यटक वाफेबरोबर उष्णताही सोडतात. हवा तापली की तिच्यात अधिक वाफ मावते, म्हणून मंडपाच्या मध्यभागी टांगलेल्या आर्द्रतामापकावर सापेक्ष आर्द्रता फारशी वाढलेली दिसत नाही, कधी उतरलेलीही दिसते, आणि सारे आलबेल आहे असे वाटते. बेसॉल्टचा प्रचंड खडक मात्र त्या चार किलोवॅटांनी तासाभरात तापत नाही. दवबिंदू वाढतो, भिंतीचे तापमान जागच्या जागी राहते आणि दोहोंतले अंतर कमी होत जाते. त्यातच पाण्याच्या रेणूचे वस्तुमान १८ आणि हवेचे सरासरी २९ असल्याने दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. तापलेली, दमट हवा वर चढते आणि छतालगत साठते, जिथे फळाफुलांच्या, हत्तींच्या, हंसांच्या नक्षीचे ते अप्रतिम चौकोन आहेत. म्हणून मापक भिंतीजवळ आणि छताजवळ बसवायला हवा, मंडपाच्या मधोमध नको.

शिवाय भिंतीवर डोळ्यांना दिसणारे दव पडण्याची गरजही नसते. अतिसूक्ष्म रंध्रांत वाफेचे पाणी होण्यासाठी आर्द्रता १०० टक्क्यांवर जावी लागत नाही, कारण अरुंद नळीतल्या पाण्याचा पृष्ठभाग आतल्या बाजूला वाकलेला असतो आणि अशा वाकलेल्या पृष्ठभागावरचा बाष्पदाब, म्हणजे पाण्याची वाफ होऊन निसटण्याची ओढ, सपाट पृष्ठभागावरच्यापेक्षा कमी असतो. याला केल्विनचे समीकरण म्हणतात. त्यानुसार ५० टक्के आर्द्रतेला दीड नॅनोमीटर त्रिज्येची रंध्रे भरतात, ९० टक्क्यांना दहा नॅनोमीटरची आणि ९९ टक्क्यांना शंभरेक नॅनोमीटरची. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) म्हणजे आर्द्रता ५० वरून ६० वर गेली, तर फारसे काही बिघडत नाही, परंतु ९० वरून ९९ वर गेली, तर दहापट रुंद रंध्रे पाण्याने भरतात. माझ्या दृष्टीने साऱ्या प्रकरणाची मेख या वक्ररेषेत आहे. शेवटचे दहा टक्के आधीच्या नव्वदांपेक्षा महाग पडतात आणि पावसाळी पर्यटन नेमके या शेवटच्या दहा टक्क्यांत चालते.

ही रंध्रे आहेत गिलाव्यात. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. आधी टाकीचे घाव तसेच राहिलेल्या ओबडधोबड खडकावर भाताचे तूस, गवत आणि वनस्पतींचे धागे कालवलेल्या मातीचा थर, त्यावर पांढरा पातळ हात आणि तो वाळल्यावर सरसात कालवलेले रंग, अशी ही रचना आहे. मातीतले चिकणमातीचे कण पत्त्यांच्या कॅटासारखे असतात. पानांमध्ये पाणी शिरले की कॅट फुगतो, निघून गेले की बसतो. मागचा बेसॉल्ट ना फुगतो ना आकसतो. एकमेकांना चिकटलेल्या दोन थरांपैकी एक हलतो आणि दुसरा हलत नाही, तेव्हा सारा ताण मधल्या सांध्यावर येतो. ज्यांनी शेणामातीने सारवलेल्या भिंतीला पावसाळ्यानंतर सुटणारे पोपडे पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

त्यात भर पडली ती चांगल्या हेतूने केलेल्या उपायाची. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने इथे पोचला, त्यानंतर नकला काढणाऱ्या चित्रकारांनी रंग उजळ दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निश फासले. पुढे १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी सुटू पाहणारा गिलावा जागोजाग पक्का केला, हे त्यांचे उपकारच. परंतु त्यांनीही वरून लाखेचा थर दिला. लाख कालांतराने पिवळी, मग तपकिरी झाली आणि आकसली. उन्हाळ्यात बाजेवर पापड घालणाऱ्या कोणालाही पुढचे ठाऊक असते. वरची बाजू आधी वाळते, आकसते आणि कडा वर उचलल्या जातात. रंगाच्या पापुद्र्याचे तसेच होते. फरक इतकाच, की पापड उलटवून सरळ करता येतो. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ गेली कित्येक वर्षे ही लाख विद्रावकांनी बोटबोटभर सोडवत आहेत, आणि नवव्या व दहाव्या लेण्यांत त्याखालून ख्रिस्तपूर्व काळातली चित्रे पुन्हा दिसू लागली आहेत.

सगळे पाप पर्यटकांच्या माथी मारणे अर्थातच अन्यायाचे होईल. खडकाच्या भेगांतून पाझरणारे पाणी, वटवाघळे आणि गिलाव्यातले तूस-धागे खाणारे किडे यांनी फार मोठे नुकसान केले आहे. या किड्यांवरून २०१६ मध्ये एक गंमत झाली. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या जातीच्या झाडाचे अंश सापडले आणि त्यामुळे तिथे कीड कमी लागली असावी, अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत, असे दोन संशोधकांनी प्रसिद्ध केले. निष्कर्ष संयत होता. वर्तमानपत्रांनी मात्र 'गांजाने वाचवली वेरूळची लेणी' अशी झिंग आणली आणि समाजमाध्यमांवर तर प्राचीन ऋषींच्या गुप्त ज्ञानाची पारायणे सुरू झाली. गवंड्याने हाताशी असलेला चिवट धागा मातीत कालवला, हे साधे स्पष्टीकरण कोणाला पुरेना. वेरूळला आज अजिंठ्याच्या मानाने फारच थोडी चित्रे उरली आहेत, हेही कोणी लक्षात घेतले नाही.

ऋतूंची ओल-सुकीही या भिंतींनी पंधराशे वर्षे सोसली. ती वर्षातून एकदा येणारी, संथ लाट होती. पर्यटकांमुळे तिच्यावर रोजची एक छोटी लाट चढली. सकाळी नऊनंतर आर्द्रता चढते आणि संध्याकाळी फाटक बंद झाल्यावर उतरते. सोमवारची सुट्टी वगळली तरी वर्षाला तीनशेहून अधिक वेळा हे घडते. तार हळूहळू वाकवून सोडली तर तुटत नाही, पण तीच तार वारंवार मागेपुढे केली की तुटते.

फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहेने हा धडा आधी गिरवला. १९४० मध्ये सापडलेली ती गुहा १९४८ मध्ये लोकांना खुली झाली. रोज हजार-बाराशे माणसे श्वास घेऊन जाऊ लागली, भिंतींवर हिरवे शेवाळ आणि पांढरे कॅल्साइट दिसू लागले आणि १९६३ मध्ये दार बंद करावे लागले. पुढे तिथे हवा नियंत्रित करणारी नवी यंत्रणा बसवली गेली आणि २००१ मध्ये बुरशीने थैमान घातले; त्यामुळे 'एसी बसवा आणि मोकळे व्हा' असे सुचवणाऱ्यांनी जरा थांबावे. स्पेनमधल्या आल्तामिरात २०१४ मध्ये प्रयोग म्हणून आठवड्याला पाच माणसे, तीही चिठ्ठ्या काढून, आत सोडली जात. अजिंठ्याला इतके कठोर होण्याचे कारण नाही, कारण ही लेणी जमिनीखालची बंद भुयारे नसून दर्शनी बाजूने उघडी आहेत आणि वारा तिथे थोडे काम फुकट करतो. पण मंडपाच्या मागच्या कोपऱ्यांत आणि अंधाऱ्या खोल्यांत तो पोचत नाही.

म्हणून माझा आक्षेप चाळीस या आकड्याला नसून तो बाराही महिने चाळीसच असण्याला आहे. किती माणसे सोडायची हे हवेत शिल्लक असलेल्या जागेवरून ठरावे. जानेवारीत साठ जण आले तरी हरकत नसावी. जुलैत हवा ९० टक्क्यांवर असेल, तर पंधराही पुष्कळ झाले. आपल्याकडे उलटे घडते. धबधबा आणि हिरवळ पाहायला लोक पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोटतात आणि हवा जेव्हा सर्वांत भरलेली असते, तेव्हाच लेणीही सर्वांत भरलेली असतात. यावर उपाय म्हणून २०१३ मध्ये टी पॉइंटजवळ चार मुख्य लेण्यांच्या प्रतिकृती असलेले अभ्यागत केंद्र उभे राहिले. कल्पना उत्तम होती, पण थकलेल्या वीज-पाण्याच्या बिलांपायी ते काही वर्षांतच बंद पडल्याच्या बातम्या आल्या. दवबिंदू मोजणाऱ्या उपकरणाला तेवढा खर्च येत नाही.

सुरुवात तर त्याहूनही स्वस्तात करता येईल. त्या रविवारी पहिल्या लेण्याच्या ओसरीत सर्वांनी चपला-बूट काढून नीट रांगेत ठेवले होते, कारण तसा नियम आहे. रेनकोट आणि छत्र्या मात्र सगळ्यांच्या अंगावर किंवा हातात तशाच आत आल्या. झटकलेल्या रेनकोटातही शंभरेक ग्रॅम पाणी राहते असे धरले, तर एकेक माणूस दीड तासाच्या श्वास-घामाएवढे पाणी एका फेरीत आत आणत होता. मी पद्मपाणीपासून मागे वळलो, तेव्हा माझ्या घडी केलेल्या छत्रीखाली दगडी फरशीवर तळहाताएवढे थारोळे साचले होते. पहारेकऱ्याने ते पाहिले, पण तो काही बोलला नाही, कारण त्याचे लक्ष पलीकडच्या मोबाइलकडे होते.