अकरावी प्रवेश: कोणाचे टक्के किती भारी?

दहावीचा निकाल लागला की शाळांच्या मार्गदर्शन केंद्रांवर पालक पहिला प्रश्न विचारतात तो कटऑफचा. दुसरा असतो, "सर, पहिल्या नंबरला कोणतं कॉलेज टाकू?" पहिल्या पसंतीचे कॉलेज लागले तर प्रवेश तिथेच घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जाते. त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. मात्र ज्या टक्क्यांच्या जोरावर हा पसंतीक्रम लावायचा, ते टक्के मोजायचे कसे यावर राज्यात मोठी भांडणे झाली आहेत. आजचे बरेचसे नियम त्या भांडणांतून उरलेले आहेत.

फार मागे जायला नको. सत्तरच्या दशकात 10+2+3 चा नवा आकृतिबंध आला आणि अकरावी शाळेतून सुटून कनिष्ठ महाविद्यालयात गेली. पुढची तीसेक वर्षे मुंबईत प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा, यादी वेगळी आणि रांगही वेगळी होती. ऐपतीचे पालक दोन-तीन ठिकाणी फी भरून जागा अडवून ठेवत. यादी पुढे सरकेना म्हणून बाकीचे रोज नोटीसबोर्ड बघायला जात.

खरा पेच 2008 मध्ये उघडा पडला. आयसीएसई या दुसऱ्या मंडळाच्या मुलांना गुण सढळ हाताने मिळतात आणि नामांकित कॉलेजांत आपली मुले मागे पडतात, अशी राज्य मंडळाच्या पालकांची तक्रार होती. त्यावर शासनाने पर्सेंटाइलचे सूत्र काढले. आपल्या मंडळातल्या पहिल्या दहा विद्यार्थ्यांच्या टक्क्यांची सरासरी घ्यायची, तिने मुलाच्या टक्क्यांना भागायचे आणि 100 ने गुणायचे. समजा एका मंडळाची ही सरासरी 98 आहे आणि दुसऱ्याची 95. पहिल्या मंडळातला 92 टक्केवाला 93.88 वर येतो आणि दुसऱ्यातला 90 टक्केवाला 94.74 वर चढतो. कमी गुणांचा मुलगा यादीत वर गेला. वरच्या दहा जणांवरून लाखो मुलांची पातळी ठरवणे संख्याशास्त्राच्या कोणत्याच मास्तराला पटले नसते. उच्च न्यायालयालाही ते पटले नाही आणि सूत्र रद्द झाले.

पुढच्या वर्षी शासनाने गणित सोडून सरळ वाटणीच केली. 90 टक्के जागा राज्य मंडळाला, 10 टक्के बाकीच्यांना. हाही निर्णय न्यायालयात टिकला नाही. त्याच 2009 मध्ये मुंबईत ऑनलाइन प्रवेश सुरू झाले आणि रांगा संपल्या. आज हा बदल फारसा कोणाच्या आठवणीत नाही, पण गरीब पालकाच्या बाजूने झालेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच होती.

मग 2010 मध्ये आले ‘बेस्ट फाइव्ह’. सहा विषयांत पास व्हायचेच, पण टक्के काढताना सगळ्यात कमी गुणांचा विषय सोडायचा. इंग्रजी 92, मराठी 74, हिंदी 84, गणित 95, विज्ञान 94, सामाजिक शास्त्रे 90 अशी गुणपत्रिका घ्या. सहाची बेरीज 529, म्हणजे 88.17 टक्के. मराठी वगळली की 500 पैकी 455, म्हणजे 91 टक्के. कॉलेज बदलून जाईल एवढा हा फरक आहे. इतर मंडळांच्या पालकांनी हरकत घेतली, एका मंडळाला पाच विषय आणि दुसऱ्याला सगळे हा भेदभाव नव्हे काय? निकाल हातात, प्रवेश तोंडावर आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाने निर्णय रद्द केला. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. मधल्या दिवसांत आपले टक्के 88 धरायचे की 91, हे मुलांना कोणी सांगू शकत नव्हते.

राज्य मंडळाच्या मुलांना आधाराची गरज होती, याबद्दल मला शंका नाही. पण बेस्ट फाइव्हने शिकवण्यावर काय परिणाम केला, हे कोणी फारसे मोजले नाही. जो विषय वगळला जायचा त्यावर मेहनत कशाला, हा हिशेब नववीपासूनच सुरू झाला आणि बऱ्याच घरांत तो विषय भाषेचा निघाला. राज्याच्या मंडळाने राज्यभाषेचे गुण ऐच्छिक केल्यासारखेच झाले ते!

टक्के मात्र फुगत गेले. कला आणि खेळाचे वाढीव गुण बेस्ट फाइव्हला जोडून 2018 मध्ये 125 जणांना पूर्ण 100 टक्के पडले. 2019 मध्ये शाळांकडचे 20 अंतर्गत गुण काढले, तेव्हा राज्याचा निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला आणि शंभरीवाले 20 उरले. पुन्हा तीच ओरड झाली, बाकीच्या मंडळांना अंतर्गत गुण आहेत, आमच्यावरच अन्याय. वर्षभरात ते गुण परत आले.

2021 मध्ये परीक्षाच झाली नाही आणि 99.95 टक्के मुले पास झाली. शासनाने अकरावी प्रवेशासाठी 100 गुणांची ऐच्छिक सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, जाहीर केली, तीही राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर. ऑगस्टमध्ये, परीक्षा दहा-बारा दिवसांवर असताना, उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सगळ्यांना एकाच मापाने मोजण्याची संधी होती, पण माप एकाच मंडळाच्या पुस्तकांतले निवडले गेले.

2025 पासून ऑनलाइन प्रवेशाची प्रक्रिया अख्ख्या राज्याला लागू झाली. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले. अल्पसंख्याक संस्थांतल्या आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला आणि तिथे स्थगिती मिळाली. त्या वर्षी दहावी पास झाले सुमारे साडेचौदा लाख आणि अकरावीच्या जागा होत्या वीस लाखांच्या वर. चढाओढ शहरांतल्या मोजक्या कॉलेजांसाठीच आहे. शिवाय क्लासशी टायअप असलेल्या कॉलेजात मुलगा वर्गात बसतच नाही, फक्त नाव तिथे असते. तिथला कटऑफ बघून पसंतीक्रम लावणाऱ्या पालकाला केंद्रावरच्या शिक्षकाने आधी विचारावे, मुलगा दिवसभर बसणार कुठे, कॉलेजात की क्लासमध्ये?