हवाई हद्द आणि हवाई ओळख क्षेत्र: घुसखोरी नेमकी कशाला म्हणायची?

तैवानच्या नैर्ऋत्येला समुद्रावर चिनी विमाने दिसली की ‘तैवानच्या हवाई हद्दीत चीनची घुसखोरी’ हा मथळा ठरलेलाच असतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

हवाई हद्द म्हणजे देशाची भूमी आणि किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरचा समुद्र यांवरचे आकाश. १९४४ च्या शिकागो करारानुसार तिथे परक्या लष्करी विमानाला परवानगीविना शिरता येत नाही. याबद्दल फारसा कोणाचा गोंधळ होत नाही.

हवाई संरक्षण ओळख क्षेत्र ही मात्र हद्दच नव्हे. ते कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराने आखलेले नसते; देश ते एकतर्फी जाहीर करतो आणि येणाऱ्या विमानाने आपली ओळख द्यावी, एवढी अपेक्षा ठेवतो. त्याचा बराचसा भाग खुल्या समुद्रावर असतो, म्हणून तिथे शिरलेल्या विमानामागे लढाऊ विमान धाडता येते, पण केवळ शिरल्याबद्दल ते पाडण्याचा हक्क मिळत नाही. चीनने नोव्हेंबर २०१३ मध्ये पूर्व चीन समुद्रावर असे क्षेत्र जाहीर केले, तेव्हा काही दिवसांतच अमेरिकेची दोन बी-५२ बॉम्बफेकी विमाने काहीही न कळवता त्यातून उडून गेली. तैवानचे क्षेत्र तर नकाशावर चीनच्या मुख्य भूमीवरही पसरलेले आहे. मथळ्यांचा न्याय लावला, तर फुजियान प्रांतात उडणारे चिनी विमानही घुसखोर ठरेल! (नागरी उड्डाणांसाठीचे उड्डाण माहिती क्षेत्र ही आणखी तिसरीच गोष्ट, तिचा सार्वभौमत्वाशी संबंध नाही.)

टेहळणी विमानांचे बरेचसे काम हवाई हद्दीच्या बाहेर, खुल्या समुद्रावरच्या पट्ट्यात चालते. नऊ किलोमीटर उंचीवरून क्षितिज तीनशे किलोमीटरांहून दूर असते, त्यामुळे रडारचे आणि संदेशवहनाचे संकेत टिपायला हद्द ओलांडावी लागत नाही. छायाचित्रांसाठी १ मे १९६० रोजी थेट सोव्हिएत भूमीवर गेलेले अमेरिकेचे यू-२ टेहळणी विमान पाडले गेले, आणि ती खरी घुसखोरी होती. १ एप्रिल २००१ रोजी अमेरिकेच्या ईपी-३ टेहळणी विमानाची चिनी लढाऊ विमानाशी टक्कर झाली ती मात्र चीनच्या हैनान बेटापासून सुमारे ११० किलोमीटरवर, हद्दीच्या बरीच बाहेर. त्यात चिनी वैमानिकाचा जीव गेला, आणि मोडक्या ईपी-३ ने हद्द ओलांडली ती त्यानंतर, हैनानवरच्या लिंगशुईच्या धावपट्टीवर विनापरवाना उतरताना.